सी कयाक भरताना: मध्ये कुठे उतरता येणार नाही, हे धरून चाला

काशिदच्या वाळूवर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, सामानाने भरणं वेगळं आणि ठाणे खाडीसाठी भरणं वेगळं. वाळूच्या किनाऱ्यावर तहान लागली, पाय आखडले, टोपी आतच राहिली, तर कयाक किनाऱ्याला लावायची, झाकण उघडायचं, हवं ते काढायचं. खाडीत ही सोय नाही. दोन्ही काठांना कांदळवन आणि त्याच्या पुढे ओहोटीला उघडा पडणारा गाळ. त्या गाळात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. जेट्टी सोडली की पुन्हा जेट्टी लागेपर्यंत खाली उतरायचं नाही, असं गृहीत धरूनच सामान लावावं लागतं. बाहेरची बहुतेक माहितीपत्रकं वजन आणि जागा ह्यांवरून सुरुवात करतात. आपल्याकडे पहिला प्रश्न असा की बसल्या जागी, ओल्या हातांनी, काय काय काढता आलं पाहिजे.

पुढे जे लिहितोय ते चार-पाच तासांच्या फेरीसाठी आहे. हीच पद्धत थोडी वाढवली की अलिबाग-मुरूडकडच्या मुक्कामी सहलीलाही चालते.

रिकामी कयाक नीट बघून घ्या

सी कयाक साधारण पाच मीटर लांब आणि जेमतेम ५५ ते ६० सेंटीमीटर रुंद असते. (सोसायटीच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही, म्हणून ठाण्यात बहुतेक जण भाड्याचीच वापरतात.) मधे बसायची जागा, म्हणजे कॉकपिट. पुढे एक कप्पा, मागे एक कप्पा, आणि पुष्कळ कयाकमध्ये पाठीमागे लगेच एक तिसरा छोटा कप्पा, त्याला डे हॅच म्हणतात. ह्या कप्प्यांच्या मधल्या पडद्यांना बल्कहेड म्हणतात. कॉकपिटमध्ये पाणी भरलं तरी कयाक तरंगत राहते ती ह्या पडद्यांमुळे आणि कप्प्यांत कोंडलेल्या हवेमुळे. सामान ठेवायला जागा मिळते हा नंतरचा फायदा. ही गोष्ट डोक्यात राहिली की झाकणं आणि त्यांची रबरं का तपासायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तपासणी सोपी आहे. झाकणं लावा, वरून पाइपने पाण्याचा मारा करा, मग उघडून आत हात फिरवा. दुसरी चाचणी पडद्यांची: मागच्या कप्प्यात एक बादली पाणी ओता, कयाक थोडी तिरकी करा आणि कॉकपिटमध्ये पाणी झिरपतंय का बघा. झाकणाच्या कडेत वाळूचा कण किंवा सुकलेला गाळ अडकला तरी गळती होते, म्हणून कड बोटाने पुसून मगच झाकण दाबायचं. पडदीला वरच्या बाजूला टाचणीएवढं भोक दिसलं तर ते एम-सील लावून बुजवू नका. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. उन्हात कप्प्यातली हवा तापते, फुगते आणि रबरी झाकण वर ढकलते. उलट, तापलेली कयाक पाण्यात उतरवली की आतली हवा गार होऊन आक्रसते आणि कमजोर रबरातून पाणी आत ओढलं जातं. त्या भोकातून दाब सारखा होतो. ज्या कयाकला असं भोक नाही, ती उन्हात उभी असेल तर पाण्यात उतरवल्यावर एकदा झाकण उघडून पुन्हा लावा.

तुम्हाला मिळालेली कयाक वर बसायची, सिट-ऑन-टॉप प्रकारची असेल, तर तिच्या पोटात पडद्या असतीलच असं नाही. तिच्या वरच्या झाकणांमधून थोडंफार पाणी जातंच. अशा कयाकमध्ये पोटात सामान टाकूच नका. सगळं मागच्या खोलगट जागेत, ड्राय बॅगमध्ये, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत, दोन ठिकाणी बांधून ठेवा.

वेळ आधी, सामान नंतर

कयाक भरायला किती वेळ मिळणार हे भरती ठरवते. कोळीवाड्यात आणि कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास. म्हणजे त्या दिवशी सकाळी सहाला जेट्टीवर पोहोचलात तर समोर नुसता गाळ. सकाळच्या फेरीला दशमी-एकादशी बरी: साडेसात-आठला पाणी भरलेलं असतं. अर्थात हा ढोबळ अंदाज. मुंबईचं छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच, आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडं उशिरा चढतं हेही धरा.

ह्याचा कयाक भरण्याशी संबंध असा: भरतीच्या आधी दीड तास जेट्टीवर हवं. सामान लावता लावता पाणी उतरायला लागलं की घाई होते, आणि घाईत माणूस जड पिशवी जिथे जागा दिसेल तिथे कोंबतो. शिवाय परतीची वेळही त्याच पाण्यावर. ऐरोली आणि वाशी पुलांमधला पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय कयाक न्यायची नाही. गायमुख असो, सारसोळे असो की दिवाळे, जेट्टी वापरण्याआधी परवानगीचं विचारून घ्या आणि कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसाशी बोला. डोल, म्हणजे खुंटांना बांधलेली मासेमारीची जाळी, कुठे लावलेत, पाणी कुठे कमी आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. जून ते सप्टेंबर हा विषयच नको.

घरी एकदा जमिनीवर मांडा

आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळं सामान पसरा आणि त्याचे चार ढीग करा. अंगावर राहणारं. बसल्या जागी हाताला लागलं पाहिजे असं. फक्त जेट्टीवर लागणारं. आणि ज्याची गरज पडू नये अशी इच्छा आहे ते, म्हणजे दुरुस्तीचं सामान, जास्तीचे कपडे. ज्या वस्तूबद्दल ती कुठल्या ढिगात जाते हे ठरवता येत नाही, ती बहुतेक वेळा घरी ठेवायची असते.

अंगावरचा ढीग सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाचा. कयाक हातातून सुटली, वाऱ्याने पुढे गेली, तर तुमच्याजवळ लाइफ जॅकेट आणि त्याच्या खिशात जे आहे तेवढंच उरतं. शिट्टी, वॉटरप्रूफ पाउचमधला पूर्ण चार्ज केलेला फोन, छोटा टॉर्च. फोनमध्ये ११२, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक घालून ठेवा. पाउचमधून फोन लावून बघा, ओल्या बोटांनी. स्क्रीन ऐकत नसेल तर ते घरी कळलेलं बरं.

पाणी भरपूर घ्या. खाडीचं पाणी तोंड धुवायलाही उपयोगाचं नाही. मार्चच्या उन्हात अर्ध्या दिवसाला माणशी तीन लिटर मी कमीत कमी मानतो. मुक्काम असेल तर दिवसाला पाच. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यामुळे तुमच्या सामानात सगळ्यात जड वस्तू पाणीच असणार, आणि कयाक कशी चालेल हे बरंचसं पाणी कुठे ठेवलंय त्यावर ठरेल.

खाण्याला दशम्या उत्तम. पीठ दुधात भिजवलेलं असल्याने मऊ राहतात, एका हाताने खाता येतात, आणि सांडत नाहीत. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, खजूर, चिक्की, ओआरएसची दोन पाकिटं. तेलाचं लोणचं नेऊ नका. नेलंच तर त्याला स्वतंत्र पिशवी द्या, कारण बंद कप्प्याच्या उन्हात डबा गळतोच आणि मग पुढचे दोन महिने ड्राय बॅगला कैरीचा वास.

पिशव्या: लहान आणि पुष्कळ

नवखा माणूस हमखास तीस-चाळीस लिटरची एकच मोठी ड्राय बॅग घेतो. दुकानात ती स्वस्त आणि सोयीची वाटते. कयाकच्या गोल झाकणातून ती आत जात नाही, गेली तर परत बाहेर येत नाही. पाच, आठ, दहा लिटरच्या पिशव्या घ्या आणि त्यांचे रंग वेगवेगळे ठेवा. कप्प्याच्या आत अंधार असतो आणि शोधताना डोळ्यांपेक्षा हातच वापरावा लागतो, तरी लाल म्हणजे औषधं आणि पिवळी म्हणजे खाणं एवढं ठरलेलं असलं की जोडीदारालाही सांगता येतं.

पिशवी काठोकाठ भरू नका. वरचा चौथा हिस्सा मोकळा ठेवा, तोंड सैल धरून पिशवी छातीशी दाबा, हवा काढा, मग तोंडाच्या घट्ट तीन-चार घड्या घालून बकल लावा. दोनच घड्या घातल्या तर पाणी जातं. हवा न काढलेली पिशवी फुग्यासारखी आत अडून बसते. थोडी सैल पिशवी मात्र कयाकच्या निमुळत्या अंगाला धरून बसते.

फोनचा पॉवर बँक, गाडीची चावी, असं भिजलं तर संपलं अशा वस्तू दोन पिशव्यांत, एकीत दुसरी. ड्राय बॅग पाण्याखाली दाबून धरली तर बहुतेक थोडं तरी झिरपू देते. तिच्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी.

आत कसं लावायचं

जड सामान मध्याजवळ आणि तळाशी, हलकं टोकांना. नियम एवढाच आहे, पण त्यामागचं कारण समजलं तर वेगळी कयाक हातात आली तरी अडत नाही.

टोकाला वजन असलं तर लाटेवर नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, वर यायला वेळ लागतो, ती पाण्यात घुसते. वळवतानाही लांब टोकावरचं वजन फिरवायला जोर लागतो. तेच वजन तुमच्या पायांपुढच्या आणि पाठीमागच्या पडदीला टेकून ठेवलं तर कयाक हलकेच वर उठते. म्हणून पाण्याच्या पिशव्या किंवा बाटल्या मागच्या कप्प्यात सगळ्यात पुढे, पडदीला चिकटून, तळाच्या मधल्या रेषेवर. अर्ध्या दिवसाचं पाणी असेल तर त्यातली निम्मी बाटली डे हॅचमध्ये हाताशी. तळाशी ठेवण्याचं कारण स्थिरता: वजन जितकं खाली, तितकी कयाक कमी डुलते.

भरण्याचा क्रम उलटा असतो. आधी टोकाचं सामान जातं, म्हणजे कोरडे कपडे, हलका टॉवेल, मुक्कामाला जात असाल तर स्लीपिंग बॅग. ती निमुळत्या टोकापर्यंत वल्ह्याच्या दांड्याने ढकलावी लागते. ढकलण्याआधी त्या पिशवीच्या बकलला मीटरभर पातळ दोरी बांधा आणि दोरीचं दुसरं टोक झाकणाजवळ राहू द्या. ही दोरी नसली तर काढताना माणूस खांद्यापर्यंत कयाकच्या आत जातो आणि बाहेरून फक्त शिव्या ऐकू येतात. त्यानंतर मधलं, सगळ्यात शेवटी जड. मागच्या कप्प्यात स्केगची, म्हणजे खाली सोडायच्या पात्याची, पेटी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना सारखं भरा. सुकाणूच्या तारा कडेने जात असतील तर पिशवी त्यांच्यावर दाबून बसत नाही ना ते बघा. शेवटी पायाने सुकाणू डावीकडे-उजवीकडे हलवून खात्री करा.

उजवी-डावी बाजू सारखी हवी. दोन किलोचा फरकसुद्धा तासाभराने कमरेला कळतो, कारण तुम्ही नकळत सतत दुसरीकडे झुकत राहता.

पुढे-मागे तोल हा जास्त नाजूक भाग. कयाक चालत असताना बाजूने वारा आला की ती आपोआप वाऱ्याकडे तोंड वळवते. हा तिचा स्वभाव. पुढे वजन जास्त झालं तर ही खोड वाढते, आणि तुम्ही एकाच बाजूला वल्हवत बसता. मागे जास्त झालं तर हलकी झालेली नाळ वारा उडवून लावतो आणि वाऱ्याच्या दिशेने तोंड फिरतं. हे जास्त वाईट, कारण वाऱ्याविरुद्ध परत येणं अवघड होतं. हिवाळा-उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. वाशीकडून ठाण्याकडे, उत्तरेला परतताना तो डाव्या गालावर बसतो. सकाळी शांत पाण्यात जाणवलं नाही म्हणून तोल बरोबर आहे असं समजू नका. सुरुवातीला कयाक पाण्यात सपाट बसेल, किंवा मागे अगदी किंचित दबेल, असं भरा. जोडीदाराला जेट्टीवरून बाजूने बघायला सांगा.

मोकळी जागा उरली तर? एकदिवसीय फेरीला ती उरतेच. सामान आत घरंगळत राहिलं तर कयाक तिरकी झाली की तेही त्याच बाजूला सरकतं, नेमकं नको तेव्हा. म्हणून उरलेल्या जागेत हवा भरून बंद केलेल्या रिकाम्या ड्राय बॅग ठोसा. ह्याने सामान हलत नाही, आणि झाकण निघालंच तर पाण्याला जागा कमी मिळते. शंभर लिटरचा कप्पा पूर्ण भरला तर शंभर किलोचं ओझं होतं. फुगवलेल्या पिशव्यांनी निम्मी जागा आधीच व्यापलेली असली तर ते निम्म्यावर येतं.

आणि कयाकची क्षमता कंपनीने दिलेली असते, त्यात तुमचं वजनही धरलेलं असतं. हे बरेच जण विसरतात.

कॉकपिट रिकामं म्हणजे रिकामं

कयाक उलटली तर तुम्हाला तिथून सरळ, न अडकता बाहेर पडायचं असतं. पायांमध्ये पिशवी, मांडीखाली कॅमेरा, सैल दोरीचं वेटोळं, ह्यांपैकी काहीही तिथे नको. चप्पलसुद्धा नको, ती तरंगून पायाच्या आधारात अडकते. पाणी उपसायचा हातपंप सीटमागे पट्ट्याने घट्ट बसत असेल तरच आत, नाहीतर डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीवर. स्प्रे स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती बसून कॉकपिटचं तोंड झाकणारं कापड, लावत असाल तर त्याची पुढची ओढायची नाडी बाहेर राहिली आहे हे हात लावून बघा, दर वेळी.

हाताशी काय

डे हॅचमध्ये खाणं, पाणी, प्रथमोपचार, सनस्क्रीन, हेडलॅम्प, पातळ विंडचीटर. पण चालत्या पाण्यात एकट्याने मागे वळून ते उघडायला जाऊ नका. तोल तिथेच जातो. जोडीदाराने आपली कयाक तुमच्या कयाकला समांतर लावायची, तुम्ही तिच्या डेकवर हात ठेवायचा, झाकण त्याने उघडायचं, वस्तू त्याने द्यायची आणि झाकण त्यानेच दाबून लावायचं. खाडीत जोडीशिवाय जाऊ नये ह्याला हे एक साधं, रोजचं कारण आहे. डे हॅच नसेल तर हाच ढीग एका आठ लिटरच्या पिशवीत भरून सीटच्या लगेच मागे क्लिपने अडकवा, बाहेर पडताना वाटेत येणार नाही अशा बेताने.

डेकवर जितकं कमी तितकं बरं

डेकवरचे इलॅस्टिक म्हणजे कपाट नव्हे. स्पीडबोटीची एक लाट त्यांच्याखालची बाटली सहज घेऊन जाते. वर ठेवायचं ते एवढंच: दोन तुकड्यांचं जास्तीचं वल्हं, परत चढायला लागणारा पॅडल फ्लोट, नकाशा-कंपास असेल तर तो. प्रत्येकाला आखूड दोरी आणि क्लिप. लोंबणारी दोरी नको, डोलजाळ्याच्या खुंटाला किंवा तुमच्याच हाताला ती अडकते. कॉकपिटच्या लगेच मागचा डेक पूर्ण मोकळा, कारण पाण्यात पडलात तर पोटावर सरपटत तिथूनच वर यायचं आहे. कडेने फिरणारी दोरी हात घालून पकडता आली पाहिजे, तिच्यावर काही बांधू नका. उंच बोचकं वर बांधलं की वाऱ्याला शीड मिळतं आणि कयाक डुलायला लागते.

जेट्टीवर

भरलेली कयाक उचलू नका. दोन टोकांच्या मुठींना धरून, मधे पंधरा-वीस किलो घालून उचलली की मुठी, कयाक आणि कंबर, तिघांवर ताण येतो. रिकामी कयाक पाण्याजवळ न्या आणि सामान बाजारच्या मोठ्या नायलॉनच्या पिशवीतून तिथे आणा. ह्या पिशवीला पर्याय नाही. दहा छोट्या ड्राय बॅग एका खेपेत येतात, आणि रिकामी झाली की घडी घालून झाकणाखाली जाते.

उतारावर पाणी चढत असेल तर कयाक दोरीने बांधूनच भरा. एक माणूस कयाकजवळ, एक पिशवीजवळ. शेवटी सगळी झाकणं तुमच्या जोडीदाराने दाबून बघायची आणि तुम्ही त्याची. आपण लावलेलं झाकण आपल्याला नेहमी घट्टच वाटतं.

पाण्यात उतरल्यावर जेट्टीच्या जवळच दहा मिनिटं वल्हवा. सरळ जाते का, एका बाजूला कलते का, वळताना आतून काही घरंगळल्याचा आवाज येतो का. काही खटकलं तर त्याच वेळी परत येऊन बदला. पुढे ती संधी नाही. आणि पहिल्या मोठ्या फेरीआधी एकदा तरी, प्रशिक्षकाबरोबर शांत आणि स्वच्छ पाण्यात, भरलेली कयाक मुद्दाम उलटवून परत चढून बघा. भरलेली कयाक रिकामीपेक्षा स्थिर वाटते, पण तिची नाळ उचलून पाणी ओतणं जोडीदाराला जवळपास अशक्य होतं. बराच वेळ पंप मारावा लागतो, हे हातांना आधी माहीत असावं.

परत आल्यावर

खाडीचं पाणी खारट आणि गाळाचं. गोड्या पाण्याने कयाक आतून-बाहेरून धुवा, स्केगच्या फटीतला चिखल आणि शिंपल्यांचे तुकडे काढा, नाहीतर पुढच्या वेळी ते पातं खाली येणारच नाही. ड्राय बॅगा उलट्या करून सावलीत वाळवा. लाइफ जॅकेटच्या चेनला आणि बकलांना वेगळं धुवा. रबरी झाकणं पूर्ण दाबून ठेवली तर ती ताणून सैल होतात आणि आतला दमटपणा कोंडतो, म्हणून नुसती टेकवून ठेवा. पार्किंगमध्ये कयाक ठेवत असाल तर झाकणाऐवजी तोंडावर जाळीचं कापड बांधा. उंदरांना चिक्कीचा वास फार लांबून येतो.